सिक्स्थ फॉर्मला हेल्थ अँड सोशल केअर घ्यावं का?

प्रश्न: आम्ही चार वर्षांपूर्वी पुण्याहून इंग्लंडमधल्या स्लाउला आलो. मुलगी इयर इलेव्हनमध्ये, म्हणजे साधारण आपल्या दहावीत आहे. तिला मिडवाइफ, म्हणजे बाळंतपण करणारी प्रशिक्षित सुईण व्हायचंय, म्हणून सप्टेंबरपासून सिक्स्थ फॉर्मला (आपल्या अकरावी-बारावीला) बायोलॉजी, सायकॉलॉजी आणि हेल्थ अँड सोशल केअर (आरोग्य आणि माणसांची देखभाल) घेणार म्हणते. तिच्या बाबांचं म्हणणं, तिसरा विषय केमिस्ट्रीच हवा, म्हणजे डॉक्टरकीचा रस्ता बंद होणार नाही. ते म्हणतात, हेल्थ अँड सोशल केअर हे ज्यांना सायन्स झेपत नाही त्यांच्यासाठी असतं. रोज जेवताना यावरून वाद होतो. काय करावं?

उत्तर: ताई, मी मिरजेला नर्सिंग शिकले. तिथे आणि मग इंग्लंडमध्ये वॉर्डात काम केलं, आणि गेली १४ वर्षं इथल्या एका सिक्स्थ फॉर्म कॉलेजात हाच विषय शिकवते. तुमच्यासारखे आईबाबा दर वर्षी ओपन इव्हनिंगला माझ्या टेबलापाशी येतात, आणि एकजण बोलत असताना दुसरा गप्प उभा असतो. त्यामुळे तुमच्या घरातला वाद मला डोळ्यांसमोर दिसतो.

आधी तिच्या बाबांचं. त्यांच्या म्हणण्यातली एक गोष्ट अगदी खरी आहे. डॉक्टर व्हायचं असेल तर हा विषय उपयोगाचा नाही. बहुतेक मेडिकल स्कूल्सना ए लेव्हलची (सिक्स्थ फॉर्मच्या शेवटी विषयवार देतात ती परीक्षा) केमिस्ट्री लागते, सोबत बायोलॉजी, आणि तिसराही विषय ए लेव्हलचाच. इंग्लंडमध्ये हेल्थ अँड सोशल केअर आज ए लेव्हल म्हणून मिळतच नाही. वेल्समध्ये आणि नॉर्दर्न आयर्लंडमध्ये मिळतं, पण तुम्ही स्लाउला आहात. तेव्हा मुलीच्या मनात मेडिसिनचा विचार खरोखर घोळत असेल, तर केमिस्ट्री घ्यायलाच हवी. पण हे तिच्या मनात आहे की बाबांच्या, हे तिला एकटीला, शांतपणे विचारा. ‘दार उघडं राहू दे’ म्हणून घेतलेल्या केमिस्ट्रीत दोन वर्षं कुढत बसून डी मिळवलेली मुलं मी पाहिली आहेत. त्या डीने मेडिसिनचं दार तर उघडलं नाहीच, मिडवाइफरीचंही बंद झालं.

दुसरी तपासायची गोष्ट घरात कोणी बोलत नाही: परत जायचा विचार आहे का? भारतात एमबीबीएससाठीच काय, बी.एस्सी. नर्सिंगसाठीसुद्धा बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी हे तिन्ही लागतात. येत्या दोन-तीन वर्षांत पुण्याला परतायचं चाललं असेल तर आत्ताच सांगा, कारण मग सगळा हिशेब बदलतो.

हे दोन्ही नसेल, तिला मिडवाइफच व्हायचं असेल, तर तिची निवड चांगली आहे. मिडवाइफरीला, नर्सिंगला, ऑक्युपेशनल थेरपीला, सोशल वर्कला अनेक युनिव्हर्सिट्या दोन ए लेव्हल आणि हा विषय असं मिश्रण आनंदाने घेतात. फिजिओथेरपीला बायोलॉजीचा आग्रह असतो, ती तिच्याकडे आहेच. प्रत्येक युनिव्हर्सिटीची अट वेगळी असते, म्हणून तिच्या मनातल्या पाच कोर्सेसची प्रवेशाची पानं आजच उघडून वाचायला लावा. जीसीएसईला, म्हणजे इयर इलेव्हनच्या शेवटच्या परीक्षेला, इंग्लिश, मॅथ्स आणि सायन्समध्ये काय ग्रेड लागते, तेही तिथेच दिसेल. मिडवाइफरीला जागा थोड्या आणि अर्ज भरपूर, तेव्हा इयर ट्वेल्व संपेपर्यंत थांबून चालत नाही.

आता विषयाच्या नावाचा घोळ. कॉलेज तुम्हाला सांगेल, ‘आमच्याकडे हे बीटेक आहे.’ नागपूरची आत्या ऐकून म्हणेल, वा, मुलगी इंजिनिअर होणार! हे बीटेक म्हणजे आपली इंजिनिअरिंगची पदवी नव्हे. इथल्या व्यवसायाभिमुख पात्रतांचं ते नाव आहे. त्यात आकार असतात. एक्स्टेंडेड सर्टिफिकेट एका ए लेव्हलइतकं, डिप्लोमा दोनइतका, एक्स्टेंडेड डिप्लोमा तीनइतका. तुमची मुलगी बायोलॉजी आणि सायकॉलॉजीबरोबर घेणार म्हणजे तिला सर्टिफिकेटचा आकार. हाच विषय दुसऱ्या परीक्षा मंडळाकडून केंब्रिजच्या नावानेही मिळतो. २०२५ पासून या पात्रतांची नवी आवृत्ती आली आहे आणि जुन्या मोठ्या डिप्लोमांवर सरकारची कात्री चालली आहे. म्हणून कॉलेजला नुसतं ‘हेल्थ अँड सोशल केअर आहे का’ असं विचारू नका. पात्रतेचं पूर्ण नाव लिहून घ्या आणि तेच नाव युनिव्हर्सिटीच्या पानावर शोधा.

ग्रेडची एक मेख आहे, ती मुलं आणि आईबाबा दोघांच्याही फार उशिरा लक्षात येते. युनिव्हर्सिटी प्रवेशाच्या हिशेबात ए लेव्हलला ए म्हणजे ४८ गुण, बी म्हणजे ४०, सी म्हणजे ३२. या विषयात डिस्टिंक्शन म्हणजे ४८, त्याखालची मेरिट म्हणजे थेट ३२. मधली बीची पायरीच नाही. डिस्टिंक्शन थोडक्यात हुकलं की मुलगी एकदम सीच्या बरोबरीला येते. मिडवाइफरीच्या प्रवेशाच्या ऑफरमध्ये या विषयाला बहुतेकदा डिस्टिंक्शनच लिहिलेलं असतं. त्यामुळे ‘कोर्सवर्क आहे, होऊन जाईल’ हा समज पहिल्याच आठवड्यात काढून टाकावा लागतो. असाइनमेंट नापास झाली किंवा कमी पडली तर सुधारून द्यायची संधी साधारण एकदाच मिळते, तीही पहिली डेडलाइन पाळली असेल तर. आणि निकालाचा मोठा भाग लेखी परीक्षेवर असतो.

त्या परीक्षेत काय विचारतात ते एकदा जवळून दाखवते, म्हणजे ‘सायन्स झेपत नाही’ या बोलण्याचं काय करायचं ते तुमचं तुम्हीच ठरवाल. समजा प्रश्नात एक मार्गारेट आहे. वय ७८. नवरा सहा महिन्यांपूर्वी गेला. बाथरूममध्ये घसरून खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, आता घरी एकटी. आधी दर गुरुवारी चर्चमध्ये चहाच्या कार्यक्रमाला जायची. प्रश्न: पडण्याचा तिच्या सामाजिक आणि भावनिक विकासावर काय परिणाम होईल याचं मूल्यमापन करा. बहुतेक मुलं लिहितात, ‘म्हातारपणी माणसं एकटी पडतात आणि दुःखी होतात.’ याला दोन गुण मिळाले तरी खूप. चांगलं उत्तर मार्गारेटला सोडत नाही. ती पुन्हा पडायच्या भीतीने जिना टाळेल, म्हणून गुरुवार सुटेल, म्हणून नवरा गेल्यावर जी चार माणसं रोजच्या बोलण्यातली उरली होती तीही तुटतील. हालचाल कमी झाली की स्नायू सुटतील आणि पडायचा धोका वाढेलच. आणि मग दुसरी बाजू: वॉकर मिळाला, फिजिओ घरी यायला लागला, चर्चची मंडळी गाडीने न्यायला आली, तर यातलं काय परत येईल आणि काय येणार नाही. शेवटी निवाडा. एका माणसाचं आयुष्य समोर ठेवून शरीर, मन आणि नाती यांची साखळी जोडत जाणं ज्याला झेपतं, त्याला मी कच्चा विद्यार्थी म्हणणार नाही.

पहिल्या वर्षी माणसाच्या जन्मापासून मरणापर्यंतच्या वाढीचा अभ्यास असतो. त्यात बोल्बी आणि एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञांचं काम येतं, म्हणजे बाळाची आईशी किंवा सांभाळणाऱ्याशी बांधलेली नाळ. हेच सायकॉलॉजीतही येतं, तिला दोन्हीकडे फायदा होईल. आपल्या मुलांना हा धडा कधी कधी मनाला लागतो, कारण आईबाबांचं बस्तान बसेपर्यंत वर्ष-दीड वर्ष आजी-आजोबांकडे राहून आलेली मुलं माझ्या वर्गात असतात. तेव्हा मी तास जरा सावकाश घेते. तुमच्या घरात असं काही झालं असेल आणि ती अचानक बोलायला लागली, तर ऐकून घ्या.

मग येते ती इथली सेवा कशी चालते याची समज. एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, ५ जुलै १९४८ ला सुरू झाली. दवाखान्यात उपचाराच्या वेळी पैसे मागत नाहीत, हे आपण सगळेच जाणतो. पण सोशल केअर, म्हणजे घरी येऊन अंघोळ घालणारी केअरर किंवा केअर होमची जागा, ही तशी फुकट नाही. इंग्लंडमध्ये २३,२५० पौंडांपेक्षा जास्त मालमत्ता असली तर साधारणपणे आपला खर्च आपणच करायचा, आणि केअर होममध्ये कायमचं जायचं असेल तर अनेकदा राहतं घरही त्यात धरतात. वीस-वीस वर्षं इथे राहिलेल्या आपल्या लोकांना हे आजारपण दारात आल्यावर कळतं. माझ्या विद्यार्थिनी घरी जाऊन आईबाबांना हे समजावतात, तेव्हा विषयाबद्दलचं घरातलं बोलणं बदललेलं मी पाहिलंय.

कायद्यांपैकी एकावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, तो २००५ चा मेंटल कपॅसिटी अ‍ॅक्ट. माणसाला स्वतःचा निर्णय घेता येतो असं आधी धरून चालायचं, आणि निर्णय शहाणपणाचा वाटत नाही एवढ्यावरून त्याला तो घेता येत नाही असं ठरवायचं नाही. वर्गात मी उदाहरण देते: आजोबांना डायबेटिस आहे, त्यांना सगळं समजतं, आणि त्यांना जिलबी हवी आहे. आपल्या घरांतली मुलं एका सुरात म्हणतात, ‘द्यायची नाही, लपवून ठेवायची.’ आपल्याकडे म्हाताऱ्यांची काळजी म्हणजे त्यांच्या वतीने ठरवणं, हे रक्तातच असतं, आणि त्यामागे प्रेमच असतं. पण मिडवाइफ झाल्यावर हीच मुलगी एखाद्या बाईच्या खोलीत उभी असेल, आणि ती बाई म्हणेल, मला हे इंजेक्शन नको. तिला धोका नीट सांगायचा, पुन्हा सांगायचा, आणि तरी ती नको म्हणाली तर तिचं ऐकायचं. हे १७ व्या वर्षी जिलबीवर शिकलेलं बरं.

प्लेसमेंटबद्दल, म्हणजे केअर होमसारख्या ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन शिकण्याबद्दल, मोकळेपणाने लिहिते, कारण मला विचाराल तर विषयाचा गाभा तिथे आहे. छोट्या सर्टिफिकेटला ते सक्तीचं नसतं, सगळी कॉलेजं लावून देत नाहीत. नसेल तर तिने स्वतः मिळवावं. १८ च्या आतल्या मुलीला शरीरसेवेची, उचलण्याची कामं एकटीला देत नाहीत. ती चहा देते, गप्पा मारते, जेवताना सोबत बसते, बघते.

काही वर्षांपूर्वी माझी एक मराठी विद्यार्थिनी एका केअर होममध्ये जात होती. कोणतं होम आणि कोण मुलगी, ते राहू द्या. तिथे ऐंशी ओलांडलेल्या एक मराठी आजी होत्या. डिमेन्शिया वाढत गेला तसं त्यांचं इंग्रजी गळून पडलं होतं. पुढे शिकलेली भाषा आधी जाते आणि लहानपणची उरते, असं बऱ्याच जणांचं होतं. त्यांच्या फायलीत रोज एकच नोंद: जेवण नाकारलं. ट्रे समोर यायचा, आजी दोन्ही हात वर धरून काहीतरी पुटपुटायच्या, तोंड फिरवायच्या, २० मिनिटांनी ट्रे परत जायचा. माझ्या विद्यार्थिनीला तिसऱ्या दिवशी ऐकू आलं की त्या ‘हात, हात’ म्हणतायत. तिने विचारलं, “आजी, हात धुवायचेत का?” आजींनी मान हलवली. तिने केअररला विचारून कोमट पाण्याचं भांडं आणि टॉवेल आणला, आजींनी सावकाश हात धुतले, पुसले, मग हात जोडून काहीतरी म्हटलं आणि अर्धी वाटी भात-वरण खाल्लं. ते वरण नव्हतं, होममधलं मसूरचं सूप होतं, पण मुलीने ‘वरण’ म्हटलं होतं.

पण मला तिचं कौतुक वाटलं ते पुढे तिने जे केलं त्याचं. ती नुसती खूश होऊन घरी आली नाही. तिने सीनियर केअररला सांगितलं, आणि आजींच्या केअर प्लॅनमध्ये एक ओळ वाढली: जेवणाआधी हात धुवायला पाणी द्यावं, बसून घाई न करता भरवावं. म्हणजे ती मुलगी सुट्टीवर असली तरी आजी जेवणार होत्या. तिच्या असाइनमेंटमध्ये आजींचं नाव नव्हतं, होमचं नव्हतं. गोपनीयता तिला पाठ करावी लागली नाही. त्या असाइनमेंटला डिस्टिंक्शन मिळालं. युनिव्हर्सिटीच्या मुलाखतीत तिला विचारलं, समोरच्या माणसाचा मान कसा राखाल? ती हेच बोलली. मुलाखतीत दया, धैर्य, संवाद असे शब्द सगळेच म्हणतात. ज्याच्याकडे पाण्याचं एक भांडं आहे त्याचं ऐकत राहावंसं वाटतं.

टी लेव्हल नावाचा आणखी एक पर्याय तुमच्या कानावर येईल. हेल्थचा टी लेव्हल २०२१ पासून आहे. तो एकटाच तीन ए लेव्हलइतका, आणि त्यात किमान ३१५ तासांचं प्लेसमेंट. ज्यांना वॉर्डात जायचं नक्की आहे आणि परीक्षेपेक्षा काम करून शिकणं जमतं, त्यांच्यासाठी तो फार चांगला. पण तो घेतला की बायोलॉजीची स्वतंत्र ए लेव्हल शेजारी बसत नाही. तुमच्या मुलीला बायोलॉजी आवडत असेल तर मी तिला त्यात ढकलणार नाही.

पैशाचं आणि व्हिसाचं बोलायलाच हवं, कारण तुम्हाला चारच वर्षं झाली. इंग्लंडमध्ये मिडवाइफरी आणि नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना एनएचएसकडून वर्षाला ५,००० पौंड मिळतात, ते परत करायचे नसतात. पण ते, आणि फीसाठीचं सरकारी कर्जही, तुमच्या मुक्कामाच्या हक्कावर अवलंबून असतं. वर्क व्हिसावर आलेल्या आईबाबांच्या मुलांना हे दोन्ही सहसा मिळत नाही, आणि युनिव्हर्सिटी परदेशी विद्यार्थ्यांची फी लावू शकते. साधारण नियम असा की कोर्स सुरू होतो त्या दिवशी मुलीकडे कायम वास्तव्याचा हक्क हवा आणि आधीची तीन वर्षं ती इथे राहिलेली हवी. तुमचा अर्ज कधी होणार आणि तिचा कोर्स कधी सुरू होणार, या दोन तारखा एका कागदावर लिहा. अडचण दिसली तर सिक्स्थ फॉर्मनंतर एक वर्ष हेल्थकेअर असिस्टंट म्हणून काम करून मग जाणं हा लाज वाटण्यासारखा मार्ग नाही. मिडवाइफरीच्या मुलाखतीत ते वर्ष मोलाचं ठरतं.

आता जे तिचे बाबा बोलले नाहीत, पण बहुतेक आपल्या घरांत आतून असतं, तेही लिहिते. मी नर्सिंगला गेले तेव्हा सांगलीच्या नातेवाइकांनी माझ्या आईला विचारलं होतं, दुसऱ्यांची घाण काढायला मुलगी पाठवतेस? आईने उत्तर दिलं नाही, पण माझ्या वसतिगृहाची फी भरली. त्या कामाला कमी लेखणं आपल्याकडे फार जुनं आहे आणि ते जातीच्या, बाईपणाच्या वाटेने आलेलं आहे. माझ्या वर्गात २० मुली आणि दोन-तीन मुलगे असतात, त्याचं कारणही तेच. ज्या मिडवाइफला पदवी घ्यायच्या आधी साधारण ४० बाळंतपणं स्वतः करावी लागतात, तिच्या शिक्षणाला ‘झेपत नाही म्हणून’ हे शब्द लावू नयेत. हे मी तिच्या बाबांना मनापासून सांगते आहे, रागाने नाही.

कॉलेज निवडताना एक करा. ओपन इव्हनिंगला विषयाच्या शिक्षिकेला विचारा की तुम्ही स्वतः कधी केअरमध्ये काम केलंय का, आणि गेल्या वर्षीच्या मुली कुठे गेल्या. निकालाच्या टक्केवारीपेक्षा या दोन उत्तरांवर मी माझी मुलगी कुठे घालायची ते ठरवलं असतं.

ऑगस्टमध्ये जीसीएसईचा निकाल लागला की नावनोंदणीच्या दिवशी विषय बदलता येतो, आणि बहुतेक कॉलेजं सप्टेंबरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांतही बदलू देतात. म्हणून आज घरात हार-जीत नको. जूनमध्ये परीक्षा संपल्यापासून ऑगस्टपर्यंत तिच्याकडे दोन मोकळे महिने आहेत. त्यात जवळच्या केअर होमला किंवा ज्येष्ठांच्या डे सेंटरला तिला आठवड्यातून एक दुपार पाठवा, आणि घरी आल्यावर बाबांनीच विचारावं, आज काय पाहिलंस? तिला बोलायला काही सुचत नसेल, पाय ओढत जात असेल, तर केमिस्ट्रीचा विचार पुन्हा करा. आणि ती चहा गार होईस्तोवर बोलत राहिली, तर बायोलॉजी, सायकॉलॉजी आणि हेल्थ अँड सोशल केअर असाच फॉर्म भरा. प्लेसमेंटच्या जागेबद्दल, किंवा पात्रतेचं नाव कॉलेजने दिल्यावर काही अडलं, तर जरूर लिहा.